एका फौंड्रीत दोन आप्पा

आमच्या फौंड्रीत मला 'पर्सनल' म्हणतात. १९८८ साली कोल्हापूरच्या 'सायबर'मधून एमएसडब्ल्यू करून मी इथं लागलो, तेव्हा हुद्दा पर्सोनेल ऑफिसरचा होता. पुढं खात्याचं नाव एचआर झालं, मी मॅनेजर झालो, जनरल मॅनेजर झालो. भट्टीवरच्या माणसांनी आणि आप्पांनी हाक काही बदलली नाही. मोल्डर, फेटलर, क्रेनवाले, लॅबमधली डिप्लोमाची पोरं अशी हजारभर माणसं तरी माझ्या हातून लागली असतील. फेटलिंगला आलेला पोरगा टिकणारा आहे की दिवाळीचा बोनस घेऊन पसार होणारा, हे मला गेटवरच कळतं असा माझा दावा आहे. दहातल्या आठ वेळा तो खराही ठरतो.

त्यामुळं २०१७च्या दिवाळीनंतर आप्पांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि "पर्सनल, माझ्या खुर्चीला माणूस बगा" म्हणाले, तेव्हा मला फारसं दडपण आलं नाही. माणूसच बघायचा होता ना.

आप्पा तेव्हा ७१ वर्षांचे होते. गणपतीत अँजिओप्लास्टी झाली होती. १९७४ साली उद्यमनगरात एका कुपोल्यावर इंजिनाची फ्लायव्हील ओतून त्यांनी सुरुवात केली आणि बारा वर्षांनी शिरोली एमआयडीसीत आले. आता दोन इंडक्शन फर्नेस, सव्वाचारशे माणसं, दीडशे कोटींची उलाढाल आणि ट्रक-ट्रॅक्टरवाल्या मोठ्या कंपन्या गिऱ्हाईक. मुलांपैकी थोरले दादा अमेरिकेत रमलेले. ताई सीए, शहरात त्यांची स्वतःची प्रॅक्टिस. आमच्याकडं त्या डायरेक्टर, पण महिन्यातून दोनदा येऊन हिशेब बघण्यापुरत्या.

कोल्हापूरच्या या धंद्याचं एक आहे. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून इथं मालक म्हणजे हातात हत्यार धरलेला माणूस. गुऱ्हाळाची आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता ती बनवायला लागलेल्या लोकांचं हे गाव. खुर्चीवर बसून कारखाना चालवणाऱ्याला इथं मनातून कोणी मानत नाही. आप्पाही मानत नव्हते, आणि मला शोधायचा होता तो नेमका खुर्चीवरचा माणूस. तेवढं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ताईंच्या आग्रहावरून आम्ही पुण्यातल्या एका सर्च फर्मकडं गेलो. या लोकांचा व्यवहार ठरलेला असतो: निवडलेल्या माणसाच्या वर्षाच्या पगाराचा साधारण एक तृतीयांश, तोही तीन हप्त्यांत. सुरुवातीला एक, नावांची यादी दिली की दुसरा, माणूस रुजू झाला की तिसरा. म्हणजे माणूस मिळण्याआधीच दोन हप्ते जातात. आप्पांनी कागद वाचून चष्मा काढला. "आवो, लगीन जमवणारा बी पोरगी नांदली की मग साडी मागतो." तरी सही केली.

मग कामाचं वर्णन लिहायचं होतं. मी, ताई आणि फर्मचा एक तरुण अशा तिघांनी मिळून ते वीस मिनिटांत उरकलं. शिक्षण बीई मेकॅनिकल किंवा मेटलर्जी, अनुभव २० वर्षं, त्यातली ५ प्लँट हेड म्हणून, वय ४५ ते ५२, 'नेतृत्वगुण', 'निकालाभिमुख', 'टीम प्लेयर'. आप्पांनी एकच भर घातली: "फौंड्रीतला पायजे." तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यात येणारा माणूस कसा असावा ते दीड पान आहे. त्यानं येऊन नक्की काय करायचं, यावर एक ओळही नाही.

अकरा नावं आली, पाच जणांना बोलावलं. एकानं लॅपटॉप उघडून आमच्याच कारखान्याबद्दल चाळीस स्लाइड दाखवल्या. दुसऱ्यानं घर, गाडी, ड्रायव्हर हे सगळं ठरवून झाल्यावर क्लबची मेंबरशिप मिळेल का विचारलं. आप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "क्लब न्हाई, तालीम हाय." त्याला ते कळलं नाही, आणि तिथंच तो बाद झाला. मला तो काही वाईट वाटला नव्हता. पण आप्पांचा हा खाक्या होता.

तिसऱ्याची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच ठरलं.

उमेदवाराला रात्री भट्टीवर न्यायचं ही आप्पांची रीत. रात्री दहानंतर वीज स्वस्त पडायची, त्यामुळं खरं काम तेव्हाच चालायचं. १४०० अंशांच्या वर तापलेला रस लॅडलमध्ये पडताना नवखा माणूस एक पाऊल मागं सरतो की नाही, हे आप्पा बघत असत. हा सरला नाही. उलट आमच्या बोलण्यातून मध्येच उठून तो सँड प्लँटच्या कन्व्हेयरकडं गेला, पट्ट्यावरची मूठभर वाळू उचलली, घट्ट दाबली, मूठ उघडली. वाळूचा मुटका झाला होता, त्यावर बोटांचे ठसे उमटले होते. तो मुटका त्यानं दोन्ही हातांनी मधोमध मोडला, तुटलेली कड दिव्यापुढं धरली आणि म्हणाला, "ओल जास्त आहे. आज ब्लोहोल निघतील." सकाळी फेटलिंगमध्ये खरोखरच अठरा ब्रेक ड्रम बाजूला काढावे लागले.

जिना उतरताना आप्पांनी माझा दंड धरला. "ह्यो आपला माणूस."

मलाही तो आवडला होता. कारण सांगायला आता हरकत नाही. तो मला 'सर' म्हणाला होता, आणि कामगारांच्या कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा राहिला होता. त्यानं दिलेल्या तीन नावांना मी फोन केले. तिघांनीही तोंड भरून कौतुक केलं. उमेदवारानं स्वतः निवडलेली माणसं दुसरं काय सांगणार, हा विचार मोल्डर घेताना मला रोज सुचतो. त्या दिवशी सुचला नाही.

पगार ठरला वर्षाला ८० लाख. आमच्या वर्क्स मॅनेजरना तेव्हा १८ होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आप्पांच्या हाताखाली १९८१ पासून, म्हणजे माझ्याही आधीपासून. आम्ही बाहेरून माणूस आणतोय हे त्यांना मी सांगायला हवं होतं. आप्पा म्हणाले होते, "ठरल्यावर सांगू." पण शिरोलीत कुठलीच गोष्ट 'ठरल्यावर' कळत नाही. उमेदवाराला स्टँडवरून आणणाऱ्या ड्रायव्हरनं पॅटर्न शॉपमध्ये सांगितलं, पॅटर्नवाल्यानं बाहेरच्या व्हेंडरला सांगितलं, आणि भाऊंना ती बातमी रविवारी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत कळली, तीही आकड्यासकट. सोमवारी आमची सुट्टी. मंगळवारी सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी ओशाळून काहीबाही बोलायला लागलो. ते शांत होते.

"मला विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं," ते म्हणाले. "इंग्रजीत मीटिंगा, बँका, ते माझं काम नव्हे. पण विचारायला पाहिजे होतं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

नवे साहेब जून २०१८मध्ये रुजू झाले. पहिले तीन महिने कौतुकात गेले. ते सकाळी सातला यायचे, बूट-हेल्मेट घालून थेट मोल्डिंग लाइनवर. आप्पाही सकाळी सातला यायचे, थेट मोल्डिंग लाइनवर. निवृत्त झालेला माणूस दुसरं कुठं जाणार?

नोव्हेंबरातली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ड्रमचं रिजेक्शन वाढलं होतं. कन्व्हेयरच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला साहेब, दोघांच्याही हातात वाळूची मूठ. आप्पा म्हणतायत पाणी कमी कर. साहेब म्हणतायत पाणी बरोबर आहे, बेंटोनाइट वाढव. मधे सँड प्लँटचा ऑपरेटर, बिचारा व्हॉल्व्हवर हात ठेवून या मुठीकडून त्या मुठीकडं बघतोय. मला बघून तो म्हणाला, "पर्सनलसाहेब, मी कुणाचा माणूस, तेवढं सांगा."

त्याच वेळी वर ऑफिसात ट्रॅक्टर कंपनीच्या परचेसचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. आमच्या धंद्यात पिग आयर्न आणि स्क्रॅप महागलं की कास्टिंगचा दर आपोआप वाढत नाही. तो मागावा लागतो, आकडे मांडून, मागं लागून. पूर्वी आप्पा हे करायचे, पण त्यांना ते कधीच आवडलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडं पैसे मागणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटायचं. साहेबांनाही आवडत नव्हतं. दोघांनाही वाळूच आवडत होती. सहा महिन्यांची दरवाढ तशीच राहिली, आणि मार्चअखेर ताईंनी हिशेब मांडला तेव्हा कळलं की टनाटनाला तोटा खाऊन आम्ही उत्तम ड्रम ओतत होतो.

सहीचं दुखणं वेगळंच. दोन लाखांवरची प्रत्येक पर्चेस ऑर्डर सहीसाठी आप्पांकडं जायची. साहेबांनी एकदा मला विचारलं, "ऐंशी लाख मला देता आणि दोन लाखांवर विश्वास नाही?" मी हे आप्पांना जरा सौम्य करून सांगितलं. ते भडकले. बँकेच्या कॅश क्रेडिटला त्यांची वैयक्तिक हमी आहे, ताराबाई पार्कातलं घर तारण आहे. शिवाय फॅक्टरी ॲक्टचं होतंच. १९४८च्या त्या कायद्यानं कंपनीच्या कारखान्याचा 'ऑक्युपायर' कोणी डायरेक्टरच असावा लागे, आणि साहेबांना आम्ही डायरेक्टर केलं नव्हतं. "उद्या भट्टीवर कोण भाजलं तर दोन वर्सं आत मी जाणार. घर माजं जाणार. आनि मी बगायचं न्हाई?"

त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. चुकलं ते एवढंच की हे सगळं माणूस घेण्याआधी बोलायचं होतं.

आणखी एक बारीक गोष्ट, हसण्यासारखी. साहेबांच्या मिसेस पुण्यात शाळेत शिकवायच्या, मुलं तिथंच. त्यांची सुट्टी रविवारी, आमची सोमवारी. साहेब सोमवारी पुण्यात घरी असायचे तेव्हा घरात कोणीच नसायचं. हा मेळ बसत नाही हे मुलाखतीत कोणालाच सुचलं नाही. मी इतक्या वर्षांचा 'पर्सनल', मलाही नाही. मे २०१९मध्ये, अकराव्या महिन्यात, त्यांनी राजीनामा दिला. भांडण नाही, तमाशा नाही. जाताना ते भाऊंच्या पाया पडले. माणूस खरंच चांगला होता.

आप्पा आठवडाभर गप्प होते. मग एक दिवस म्हणाले, "टाटांचं बी चुकतंय, आपन कोन?" ते खरंही होतं. २०१० साली रतन टाटांचा वारस शोधायला पाच जणांची समिती बसली, वर्षाहून जास्त काळ शोध चालला, शेवटी समितीतलेच सायरस मिस्त्री निवडले गेले आणि २०१६च्या ऑक्टोबरात त्यांना पदावरून दूर केलं गेलं. इन्फोसिसनं २०१४ साली पहिल्यांदा संस्थापकांबाहेरचा सीईओ आणला, तो तीन वर्षांत गेला. ताई मात्र या समाधानात रमणाऱ्यातल्या नव्हत्या. "त्यांचं का चुकलं ते त्यांना बघू दे," त्या म्हणाल्या. "आपण काय केलं? आप्पा, तुम्ही स्वतःला शोधलंत आणि तुम्ही सापडलात. एका फौंड्रीत दोन आप्पा झाले."

दुसऱ्या वेळी ताईंनी मला आधी नावं शोधू दिली नाहीत. एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर माणसाबद्दल काही लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते असं: नवा माणूस येईल त्या तारखेपासून आप्पा काय काय करणार नाहीत.

तो एक पानाचा कागद व्हायला पाच आठवडे लागले. एकेका ओळीवर आप्पांनी कुस्ती खेळली. गिऱ्हाइकाशी दराची बोलणी करणार नाही, हे त्यांनी लगेच मान्य केलं, सुटलो म्हणाले. लाइनवर जाईन, पण कोणाला काही सांगायचं असेल तर फक्त भाऊंना सांगेन, ऑपरेटरला नाही, यावर तीन दिवस गेले. दहा लाखांपर्यंत नव्या माणसाची एकट्याची सही, त्यापुढं त्याची आणि ताईंची मिळून, आणि यंत्र घ्यायचं असेल तर बोर्ड, यावर दोन आठवडे गेले. वर्षभर काम बरं झालं तर त्याला डायरेक्टर करायचं आणि ऑक्युपायर म्हणून नाव त्याचं लावायचं, हे ताईंनी घातलं. जबाबदारी आपली आणि अधिकार त्याचा, किंवा उलटं, असं पुन्हा नको म्हणाल्या. एकाच ओळीवर आप्पा हटले नाहीत. सकाळी गेटजवळच्या लिंबाखाली ते बाकड्यावर बसतात आणि कोणीही कामगार येऊन त्यांना काहीही सांगू शकतो: पोरीचं लग्न, सावकाराचं कर्ज, मुकादमाची कुरबुर. "झाडाखालचं मी सोडनार न्हाई." ती ओळ आम्ही खोडली. खाली त्यांनी सही केली, तारीख टाकली.

तो कागद समोर ठेवल्यावर आम्हाला कोण पाहिजे हे आपोआप दिसायला लागलं. वाळू कळणारे आमच्याकडं दोघं होते, आप्पा आणि भाऊ. दर मागणारा कोणी नव्हता. कास्टिंग नुसतं ओतून विकण्यापेक्षा मशिनिंग करून विकलं तर पैसा किती जास्त सुटतो, हे बँकेला पटवून देणारा कोणी नव्हता. 'फौंड्रीतला पायजे' ही अट आप्पांनीच काढली. मोठ्या नाखुशीनं, पण काढली.

या खेपेला मी भाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मुलाखतींना बसवलं.

चौकशीची रीतही बदलली. उमेदवार अजून नोकरीत असतो. त्याच्या कारखान्यात फोन करून विचारलं तर त्याची नोकरी धोक्यात येते. म्हणून मी दोन नोकऱ्यांआधीच्या ठिकाणी गेलो. शेवटच्या टप्प्यातल्या दोघांच्या जुन्या कारखान्यांबाहेर, चहाच्या गाड्यावर, एकेक दुपार काढली. टाइम ऑफिसचा क्लार्क, माल वाहणारा ट्रान्सपोर्टवाला, कँटीनचा ठेकेदार, बोलणारी माणसं हीच. एकाबद्दल ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "साहेब हुशार. पण आमची बिलं अडकली की त्यांचा फोन बंद." दुसऱ्याबद्दल कँटीनवाल्यानं तक्रार केली की हा माणूस फार प्रश्न विचारतो, डाळीचे भाव काय, महिन्याला किती लागते, दर कधी वाढवून मागणार. मला हसू आलं. आम्हाला तोच पाहिजे होता.

वय ४७, चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या धंद्यातला, मूळचा विदर्भाकडचा. पहिल्या भेटीत आप्पांनी त्यालाही रात्री भट्टीवर नेलं, सवय. वाळूच्या ढिगाशी उभा राहून त्यानं विचारलं, "ही वाळू परत वापरतात का?" फौंड्रीत लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी माहीत होणारी गोष्ट. आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर चुकवली.

दुसरी भेट ७ ऑगस्ट २०१९ला ठरली होती. ती झालीच नाही. त्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली आणि ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पुणे-बंगळूर वाहतूक आठवडाभर बंद. अर्ध्याहून जास्त माणसं कामाला येऊ शकली नाहीत, ज्यांची घरं चिखली-आंबेवाडीकडं होती त्यांचं तर ठिकाणच लागत नव्हतं. मी गेटवर बसून एकेकाच्या घरी फोन लावत होतो. आप्पा दोन रात्री कारखान्यातच झोपले.

त्यातच या गृहस्थाचा फोन आला. मला वाटलं, भेट कधी ते विचारेल. आधी माणसं सुखरूप आहेत का विचारलं. मग म्हणाला, "तुमच्या गिऱ्हाइकांना कोणी कळवलंय का? त्यांच्याकडं तुमचा माल किती दिवस पुरेल, कोणी मोजलंय का?" कोणी मोजलं नव्हतं. आम्ही सगळे पाणी बघत होतो. माझ्याकडून तो आकडे घ्यायला लागला, तेव्हा मी ताईंना फोन जोडून दिला. कंपनीचे आकडे बाहेरच्याला द्यायचे की नाही ते त्यांनी ठरवावं. ताईंनी आकडे दिले नाहीत, पण त्यानं सांगितलेली पद्धत उतरवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत चार कंपन्यांना स्वतः पत्रं पाठवली. त्यातल्या एकीनं आमच्यामुळं लाइन थांबली म्हणून लावला असता तो दंड माफ केला.

एका फोनवरून माणूस ठरत नाही, हे पहिल्या खेपेच्या मुठीनं मला शिकवलं होतं. म्हणून त्यानंतरही आम्ही त्याला दोनदा बोलावलं, एकदा मिसेससह. त्यांनी माझ्याशी रविवार-सोमवारचं बोलून घेतलं. मुलगा दहावीला होता. मार्चपर्यंत साहेब एकटे राहतील, मग सगळे कोल्हापूरला येतील, असं ठरलं. पगारावर त्यानं घासाघीस केली, तीही भरपूर. आप्पा वैतागले. भाऊ पहिल्यांदाच बोलले: "आप्पा, आपल्याशी असा भांडतोय, तर ट्रॅक्टरवाल्याशी कसा भांडंल?"

नव्वद दिवसांची नोटीस पुरी करून तो १ जानेवारी २०२०ला आला. आप्पांच्या सहीचा तो कागद मी त्याच्या फायलीत लावला होता. त्यानं तो दोनदा वाचला, आप्पांकडं बघितलं आणि विचारलं, "झाडाखाली मी पण बसलो तर चालेल?" आप्पा म्हणाले, "बाकडं लहान हाय."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्चच्या शेवटी लॉकडाउन लागला, भट्ट्या थंड झाल्या. त्याच्या मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, बोर्डानं रद्द केला. त्या दोन महिन्यांत तो बँकेशी आणि गिऱ्हाइकांशी किती बोलला याचा हिशेब माझ्याकडं नाही, पण एकाही कायम कामगाराला काढलं नाही, हा हिशेब माझ्याकडं आहे. २०२१ साली तो डायरेक्टर झाला, ऑक्युपायरच्या बदलाचे कागद मीच नेऊन दिले. मशिन शॉप उभं राहिलं. वाळू त्याला अजूनही फारशी कळत नाही. आप्पा दर बुधवारी नव्या पोरांचा वाळूचा वर्ग घेतात, त्यात एक-दोनदा त्याला मागं उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. कागदातली लाइनवरची ओळ आप्पांनी चार-पाचदा मोडली. प्रत्येक वेळी भाऊंनी येऊन मला सांगितलं, मी ताईंना, ताईंनी आप्पांना. पद्धत थोडी लांबची आहे.

भाऊ गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी साठी ओलांडूनही मुदतवाढीवर आहे. मागच्या मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक कोरा कागद पुढं सरकवला. माझ्या जागी माणूस बघायचा आहे; तो येईल त्या दिवसापासून मी काय काय करणार नाही, ते एका पानात लिहून द्यायचं आहे.

आज रविवार. कागद टेबलावर आहे. अजून एक ओळही झालेली नाही.